माघातली जांभळं

फार जुन्या काळी घडलेली गोष्ट आहे. लहानांनो, पुढे सरकून बसा. थोरांनो, तुम्ही मागे बसलात तरी चालेल, पण डुलक्या काढू नका. ही गोष्ट खरं तर तुमचीच आहे.

एक डोंगराळ राज्य होतं. तिथे घोडा चालेल अशी वाट नव्हती, म्हणून निरोप माणसांच्या पायांवर चालत. निरोप नेणाऱ्यांना धावकरी म्हणत. दरवर्षी ज्येष्ठात त्यांची शर्यत लागे. सात दिवस, सात घाट. जो पहिला येईल त्याच्या खांद्यावर राजा स्वतः हळदी रंगाचा शेला घाली, आणि पुढचं वर्षभर राज्याचे मोठे निरोप तोच नेई.

त्या शेल्याची एक रीत होती. शेलेवाल्याकडे कुणी राजाचा शिक्का मागत नसे. तो गावात येऊन "उठा" म्हणाला की लोक उठत. बायका भाकरी तव्यावर तशीच सोडून निघत. एकदा दरड कोसळण्याआधी एक अख्खी वाडी अशी वाचली होती. सात घाट स्वतःच्या दमावर चढलेला माणूस उगाच ओरडणार नाही, हे लोकांना ठाऊक होतं.

मग कुणाला तरी निळमुळी सापडली.

कड्याच्या फटीत उगवणारी बोटभर मुळी ती. चघळली की दम लागत नसे, पाय दुखत नसत, भूक कळत नसे. पहिल्यांदा कुणी खाल्ली ते मात्र सांगता येत नाही. विचारलं की जो तो दुसऱ्याचं नाव सांगे. पण बघता बघता धावकरी नऊ आणि मुळी खाणारे आठ झाले. मुळीने जीभ निळी पडते हे राजाला कळलं. त्याने मुळीवर बंदी घातली आणि शर्यतीच्या दिवसांत रोज सकाळी सगळ्यांच्या जिभा तपासायला राजवैद्याला बसवलं.

धावकरी काय कमी होते! ज्येष्ठात जांभळं पिकतात. ओंजळभर जांभळं खायची आणि खुशाल जीभ दाखवायची.

"जीभ निळी का रे?" वैद्य विचारी.

"जांभळं खाल्ली, वैद्यबुवा."

"गोड होती का?"

"फार गोड."

वैद्य मान डोलावून पुढच्याकडे वळे. त्याला कळत नव्हतं असं समजू नका. पण मांडवात पाहुणे बसलेले, ढोल वाजताहेत, राजा मिशीला पीळ देतोय. अशा वेळी नवातल्या आठांना घरी पाठवून शर्यत कुणाची लावणार?

मुळी न खाणारा नववा धावकरी म्हणजे म्हाळू. मोठ्या तळ्याखालच्या गावचा. पूर्वी तो दुसरा-तिसरा येई, मुळी आल्यापासून शेवटचा येऊ लागला. त्याची बायको ठकू रोज त्याच्या तळपायांना तेल चोळी आणि म्हणे, "नंबर गेला तर जाऊ दे. पाय तुमचे आहेत." त्यांना एक लहान मुलगी होती. बाप शेवटचा आला तरी ती टाळ्या पिटायची.

त्याच गावचा हैबती. म्हाळूचा लंगोटीयार, दोघे एकाच घाटात पळायला शिकलेले. हैबतीने सलग तीन वर्षं शेला नेला. तिसऱ्या वर्षी मुळी त्याच्या डोक्यात चढली. शेला पांघरून तो भरदुपारी गावात शिरला आणि "वणवा आला, पळा" म्हणून ओरडू लागला. सगळं गाव पळालं. पळापळीत एक म्हातारी पडली ती पुन्हा उठली नाही. वणवा कुठेच नव्हता. लोकांनी हैबतीला पिंपळाला बांधून ताक पाजलं, तेव्हा संध्याकाळी तो भानावर आला. बिचारे म्हणाले, ऊन लागलं असेल. शेल्यावर एवढी श्रद्धा होती त्यांची.

त्याच वर्षी शर्यतीच्या दिवसांत एका सकाळी आठ जण म्हाळूभोवती जमले.

"म्हाळू, तुझी जीभ गुलाबी आहे," हैबती म्हणाला.

"मग निळी कशाने व्हावी?"

"तसं नव्हे रे. नवांत एकच गुलाबी दिसली की वैद्यालाही बोलावंच लागेल. आठ घरं उघडी पडतील. तुला मुळी खा म्हणतंय का कोणी? चार जांभळं तर खायचीत."

म्हाळूने आठ तोंडांकडे पाहिलं. सगळी ओळखीची होती. त्याने जांभळं खाल्ली.

जांभूळ खाणं पाप नाही, हे मलाही कळतं हो. पण आपण ते कशासाठी खातोय हे म्हाळूलाही कळत होतं. घरी आल्यावर ठकूने त्याची जीभ पाहिली. "मुळी खाल्लीत का?" तिने विचारलं. तो "नाही" म्हणाला. पुढचं काही बोलला नाही, कारण पुढचं सांगायचं तर हैबतीचं नाव घ्यावं लागलं असतं.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात राजाच्या लेकीचं लग्न निघालं, म्हणून शर्यत अलीकडे माघात घेतली. आठ जणांनी आधीच्या उन्हाळ्यात जांभळांचा गर वाळवून ठेवला होता. पहिल्या सकाळी त्यातला एक तुकडा म्हाळूच्याही तळहातावर आला. त्याने तो तोंडात टाकला. एकदा टाकला होता, मग दुसऱ्यांदा कसला विचार?

नऊ जण रांगेत उभे राहिले. नऊ जिभा निळ्या.

"जीभ निळी का रे?" वैद्याने सवयीने विचारलं.

"जांभळं खाल्ली, वैद्यबुवा."

"गोड होती का?"

"फार गोड."

मांडवात राजाची म्हातारी आई बसली होती. ती खुदकन हसली. "अरे, माघात जांभळं कुठल्या झाडाला लागली? मलाही आणा की चार!"

आधी सगळा मांडव हसला. मग हसू एकेकाच्या तोंडावर थिजत गेलं.

राजाने आदल्या वर्षीचा शेला मागवला. "हैबतीकडून काढा, दुसऱ्याला द्या," तो म्हणाला. दुसऱ्याचीही जीभ निळी. तिसऱ्याची, चौथ्याचीही निळी. राजाचं बोट सरकत सरकत नवव्यावर येऊन थांबलं.

"महाराज, मी मुळी कधीच खाल्ली नाही," म्हाळू म्हणाला. "हा वाळवलेला गर आहे."

"कशाला खाल्लास?"

"ह्यांचं उघडं पडू नये म्हणून."

"आठ जणांचं खोटं पोटात घालून बसलास," राजा म्हणाला. "मग तुझं खरं कुठलं ते मी कसं ओळखू?"

म्हाळूला उत्तर सुचलं नाही. मलाही सुचत नाही, आणि मी ही गोष्ट कैक वर्षं सांगतोय.

शेला जाळला गेला. दवंडी पिटली गेली की यापुढे धावकऱ्याच्या शब्दावर कुणी जागचं हलायचं नाही. शिक्का असेल तरच निरोप खरा. तळ्याखालच्या गावाला आता कळलं, वणवा कशाने दिसला होता आणि म्हातारी कशाने गेली होती.

म्हाळू डोंगरात तळ्याच्या बांधावर गवत कापायच्या कामाला लागला. ठकू आणि मुलगी गावात राहिल्या. आठवड्याने तो घरी येई. ठकू त्याला जेवू घाली, पण तळपायांना तेल चोळणं तिने बंद केलं होतं.

भाद्रपदात नऊ दिवस पाऊस लागला आणि दहाव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. म्हाळू गवत कापत होता. बांधाच्या पायथ्याशी त्याला गढूळ पाणी पाझरताना दिसलं. बघता बघता बोटाएवढी धार मांडीएवढी झाली. तेवढ्यात देवीच्या नैवेद्याची घंटा झाली. ती घंटा सगळ्या खोऱ्यात ऐकू जाई, आणि ती झाली की तळ्याखालच्या गावात तवे चुलीवर चढत.

म्हाळू धावला. बांधापासून गावापर्यंत चांगल्या धावकऱ्यालाही एक प्रहर लागे. म्हाळू वाटेने गेलाच नाही, कड्यावरून घसरत, ओढ्यांतून उड्या मारत, काट्यांतून उतरला. तसं त्या राज्यात कधी कुणी धावलं नव्हतं, मुळी खाऊनसुद्धा नाही. ती त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी दौड होती आणि तीच त्याच्या अंगाशी आली.

"बांध फुटतोय! उठा, टेकडीवर चला!"

पाटील ओसरीवर जेवणाच्या पानाची वाट बघत बसला होता. त्याने म्हाळूचे लाल डोळे आणि तोंडाला आलेला फेस पाहिला.

"कधी निघालास तळ्यावरून?"

"घंटा झाली तेव्हा."

"घंटा होऊन आमची जेवणंसुद्धा झाली नाहीत. एवढ्यात माणूस तळ्यावरून येतो?"

"आलोय ना, पाटील! तुमच्यासमोर उभा आहे!"

"मुळीशिवाय?"

म्हाळूने जीभ बाहेर काढली. चांगली गुलाबी होती. पाटलाने तोंड फिरवलं. "जिभा आम्ही पुष्कळ बघितल्या, बाबा."

मुळी चढली की माणूस काय करतो, हे त्या गावाने एकदा पाहिलं होतं. चौघांनी म्हाळूला धरून पिंपळाला बांधलं आणि कोणी तरी ताक आणायला गेलं. गलका ऐकून हैबती पळत आला.

"सोडा त्याला! त्याने कधीच मुळी खाल्ली नाही. मला माहीत आहे. जांभळं मीच त्याच्या हातावर ठेवली होती!"

"चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक," पाटील म्हणाला, आणि लोक हसले. "वणवा बघणारा आला पुराची साक्ष द्यायला!" त्यांनी हैबतीला ढकलून दिलं आणि जो तो जेवायला गेला.

ठकू आली. हात पिठाने भरलेले, कडेवर मुलगी.

"ठकू, पोरीला घेऊन वर जा. आत्ता."

"खरं सांगा. खाल्लीत का?"

"नाही."

"तेव्हाही नाहीच म्हणाला होतात. आणि जीभ निळी होती."

म्हाळूने दोराला हिसडा दिला. ठकूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिचे पाय घराकडे वळले. "तवा तापलाय," ती म्हणाली. "भाकऱ्या टाकून घेते, मग बघू." मुलीने बापाकडे पाहून टाळ्या वाजवल्या, तो धावत आलेला तिला दिसला होता.

हैबती कोयता घेऊन परत आला आणि त्याने दोर कापले. म्हाळू घराकडे सुटला. अर्ध्या वाटेवर तो असताना गल्लीच्या टोकाला पाणी दिसलं. घरांहून उंच होतं. हैबतीने मागून त्याच्या कमरेला मिठी घातली आणि ओढत, फरफटत त्याला टेकडीवर नेलं.

सूर्य मावळायच्या आत गाव उरलं नाही. एकही तवा तव्याच्या जागी राहिला नाही.

टेकडीवर दोघेच बसले होते. साऱ्या गावात म्हाळूचा शब्द पटला तो एकट्या हैबतीला, म्हणून तेवढाच वाचला. का पटला? तर म्हाळू खरा आहे, हे फक्त त्या लबाडालाच माहीत होतं.

"मला माहीत होतं रे, तू खरं बोलतोयस," हैबती रडत म्हणाला.

"तुलाच माहीत होतं," म्हाळू म्हणाला. त्यानंतर तो कधी धावला नाही, आणि फारसा कधी बोललाही नाही.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याच्या खोट्यावर जो पांघरूण घालतो, त्याचं स्वतःचं खरंही एक दिवस त्याच पांघरुणाखाली गुदमरून मरतं.