सुनेचा खडक

तांबडमाळ गावाच्या उगवतीला ओढा ओलांडला की एक काळाभोर सपाट खडक लागतो. खळ्यासारखा रुंद, एका अंगाला किंचित उतरता. चैत्र सरत आला की गावातल्या बायका भल्या सकाळी इथं वाळवण घालायला येतात. धोतरं, जुनी लुगडी अंथरून त्यावर कुरडया, सांडगे, पापड पसरतात. ऊन चढायच्या आत सगळ्या घरी परततात आणि दिवस कलल्यावर वाळवण गोळा करायला येतात. मधल्या वेळात तिथं राखणीला कुणी नसतं. कावळे उतरतात, चिमण्या टिपतात, एखादी चुकार शेळी तोंड घालून जाते. हाकलायला कुणी धावत नाही.

परगावच्या माणसाला याचं नवल वाटतं. त्यानं विचारलं, तर बायका त्याला गावातल्या म्हाताऱ्या दगडूतात्यांकडे धाडतात. तात्या त्याला आधी पाणी देतात, बसायला घोंगडं टाकतात आणि मग सांगायला लागतात.

फार मागली गोष्ट आहे म्हणे. गावात ठकूबाई नावाची सुईण होती. नवरा तरणाताठा गेलेला, पदरात एकुलता लेक म्हादू. आसपासच्या वाड्यांवर कुठंही बाई अडली की तिलाच बोलावणं यायचं. हात मऊ, पण जीभ कडक, असं तिच्याबद्दल बोलत. त्या काळी लग्नं लहानपणीच होत. म्हादूची बायको हौसा घाटाखालून आली तेव्हा दुधाचे दात पडून नवे यायचे दिवस होते तिचे. ठकूबाईला मुलगी नव्हती. या पोरीवर तिचा जीव जडला. पण सुनेला माया बोलून दाखवायची रीत नव्हती. हौसाला उन्हाळ्यात घामोळं फार उठायचं. आडाचं पाणी तळाला गेलेलं, आंघोळीला तांब्याभर मिळायची मारामार. पोर रडकुंडीला यायची. मग ठकूबाई माठाखालची ओली गार माती आणून तिच्या पाठीला लावायची आणि लावता लावता "किती खाजवशील? सोलून काढशील कातडं" म्हणून रागेही भरायची.

तरी हौसाला उन्हाळा आवडायचा. शेतात काम नसायचं. माळ्यावर गवतात आंबे पिकत घातलेले असायचे, त्यांचा वास घरभर सुटायचा. गाभुळलेल्या चिंचा असायच्या. आणि सगळ्यात आवडीचा म्हणजे कुरडयांचा चीक. चुलीवर चीक रटरटायला लागला की ती वाटी घेऊन पुढ्यात बसायची. ठकूबाई तिला पहिला पळीभर वाढायची, वर तेलाची धार आणि गुळाचा खडा. माशा घोंघावत यायच्या. एका हातानं त्या वारत, दुसऱ्या हातानं फुंकर घालत हौसा खायची.

एका वर्षी असं झालं, ठकूबाईनं सांडगे घातले आणि राखणीला हौसाला बसवलं. घटकाभरानं गावातल्या पोरी चिंचा पाडायला निघाल्या, त्यांच्यामागं हौसाही गेली. परत येते तो शेळ्यांनी सांडग्यांची माती केलेली. ठकूबाईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. पोर संध्याकाळी जेवली नाही, ठकूबाईनंही तिला जेव म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुरडया होत्या. पहाटेपासून खपून दोघींनी त्या खडकावर घातल्या. ठकूबाईनं पोरीच्या हातात काठी दिली.

"आज म्या हाक मारीपतुर जागचं हलायचं न्हाई. ध्यानात ऱ्हाईल?"

"व्हय आत्या," हौसा म्हणाली.

ठकूबाईच्या मनात तिला फार वेळ बसवायचं नव्हतं. ऊन तापायच्या आत हाक मारू, उरलेला चीक तिला दुधात घालून देऊ, कालचा राग जाईल, असं तिनं ठरवलं होतं. चीक झाकूनही ठेवला होता. ती घरी येऊन हात धुते न धुते तोच वरच्या वाडीचा एक गडी धापा टाकत आला. त्याची बायको रात्रीपासून अडली होती. ठकूबाईनं बटवा उचलला आणि तशीच त्याच्यामागं निघाली. वरच्या वाडीची वाट गावाच्या मागून जाते. तिथून खडक दिसत नाही.

बाळ आडवं होतं. बाई थकून गेली होती. अशा वेळी सुईणीला दुसरं काही सुचत नाही. ठकूबाईला ना घर आठवलं, ना गाव. दिवस कलता कलता बाळ रडलं, आई वाचली, तेव्हा तिनं पहिल्यांदा घोटभर पाणी घेतलं. घरच्यांनी तिची खणानारळानं ओटी भरली. उतरत्या उन्हात ती समाधानानं परत निघाली.

गावात शिरली तर अंगणांतून सडे पडत होते, बायका वाळवणं झटकून घरात नेत होत्या. ते पाहून तिचे पाय थबकले. घरी आली तर चूल विझलेली, चीक झाकलेला तसाच. तिनं शेजारणीला विचारलं, "हौसा हाय का गं तुझ्याकडं?"

शेजारीण म्हणाली, "आमाला वाटलं, तुमी तिला संगं नेली."

ओटीतला नारळ तिथंच अंगणात पडला. ठकूबाई खडकाकडे धावली.

हौसा वाळवणाच्या कडेला बसली होती. डोक्यावरून पदर घेतलेला, मान गुडघ्यांवर टेकलेली, काठी हातात. झोप लागली असेल, असं ठकूबाईला वाटलं. तिनं खांद्याला हात लावला तेव्हा पोर एका अंगाला कलंडली.

असं सांगतात की त्या दिवशी खडकावरच्या एकाही कुरडईला पाखराची चोच लागलेली नव्हती.

म्हादू शेजारच्या गावी बैल घेऊन गेला होता, तो आला. घाटाखालून हौसाचा बाप आला. तो ठकूबाईला एक शब्द बोलला नाही. त्यानं बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं ती पुढं म्हणायची. वरच्या वाडीवरून बारशाचं आमंत्रण आलं, तिकडं तिच्यानं जाववलं नाही.

दहाव्याला ओढ्याकाठी, त्याच खडकाच्या उतरत्या अंगाला पिंड ठेवला. झाडांवर कावळे पुष्कळ होते, पण एकही खाली येईना. बाप हात जोडून म्हणाला, "बाई, तुझ्या धाकल्या भनीला मी घरातच ठेवीन. इतक्या लहानपणी नांदायला धाडणार न्हाई." कावळा आला नाही. म्हादूनं तिच्या नावानं चिंचेचं झाड लावायचं कबूल केलं. कावळा आला नाही. ऊन तापत चाललं. लोक चुळबुळायला लागले.

तेव्हा गर्दीच्या मागून बिरा धनगर पुढं आला. त्यानं डोईचं मुंडासं काढून हातात धरलं.

"म्या त्या दिशी दुपारच्याला हितनं मेंढरं नेली व्हती," तो खाली बघत म्हणाला. "पोरीला म्हनलं, अगं, चिंचंखाली तरी बस. माझ्याजवळचं पाणी तिला पाजलं. ती म्हनली, आत्या हाक मारतील, मग जाईन. मला वाटलं, हाक मारतीलच की आता. म्या मेंढरामागं गेलो."

ठकूबाई उठली. तिला धरायला दोघी पुढं झाल्या, त्यांना तिनं बाजूला सारलं. ती खडकाच्या मधोमध गेली, जिथं पोर बसली होती तिथं, आणि रोज अंगणातून मारायची तशी हाक मारली.

"हौसा, ये गं घरी. राखण झाली."

मग थोडं थांबून हळू आवाजात म्हणाली, "ह्या खडकावर परत कुनाची पोर राखणीला बसणार न्हाई. खाऊ दे पाखरांना. तू ये."

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला, असं सांगतात.

त्या कुरडया कुणी घरी नेल्या नाहीत. पाखरांनी आणि मुंग्यांनी त्या पावसाच्या आत संपवल्या. ठकूबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. बाळंतपणंही करायची, मात्र बोलावणं आलं की निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाला डोळ्यांनी बघून मगच उंबरा ओलांडायची. दर उन्हाळ्यात वाळवण घालायची आणि ऊन चढायच्या आत खडकावर उभी राहून हौसाला हाक मारायची. पहिल्या वर्षी बायकांनी नुसतं ऐकलं. पुढं तिच्या मागोमाग त्यांच्याही तोंडी ती हाक आली. ठकूबाई थकली, तिला ओढा ओलांडवेना, तेव्हा दुसरीनं मारली. मग ती कधी बंद पडली नाही.

इथवर आलं की तात्या थांबतात. पाहुण्यानं आणखी काही विचारलं तर म्हणतात, "सकाळच्याला खडकावर जा. तुमचं तुमी ऐका."

आजही वाळवण घालून झालं की बायकांतली वयानं थोर असेल ती खडकाच्या मधोमध उभी राहते आणि हाक मारते, "हौसा, ये गं घरी." त्या वेळी आजूबाजूला ज्या पोरी खेळत असतील, कुणाची शेवंता असो, कुणाची यमुना, त्या हातातलं टाकून "आले, आले" म्हणतात आणि गावाकडे पळत सुटतात. सगळ्यात मागली पोर ओढा ओलांडून जाईपर्यंत ती बाई तिथंच उभी असते.