अर्धं बोट सैल

"त्या वळणावर कुठला गिअर टाकायचा, बाबा?"

नूरबाबा झऱ्याच्या काठावर बसून आपल्या सायकलीच्या मागच्या चाकाचं पंक्चर काढत होते. दरी धुक्यानं भरली होती. वर दर्गा होता, खाली गाव होतं. दोन्ही दिसत नव्हते.

"माझ्या सायकलीला एकच आहे," बाबा म्हणाले.

अभिराम हसला. त्याच्या सायकलीला बारा होते. पुढे शॉकअप होते, दगडावरून गेलं तरी हाताला कळत नसे. बाबांच्या सायकलीचा पुढचं चाक धरणारा चिमटा मात्र सरळ लोखंडी. जाड टायर, एक चेन, बस्स.

"आणि तरी तुम्ही रोज पाण्याचे दोन डबे लावून दर्ग्यावर जाता. रांजणवळणावर न उतरता. सगळे सांगतात."

"सगळे बघायला नसतात."

"म्हणजे?"

"उतरतो तिथं मी."

अभिराम चार दिवस रजा टाकून आला होता. रविवारी सायकल क्लबातले सगळे येणार होते, त्याला ते वळण चढताना बघायला. गेल्या वर्षी चढलो, असं त्यानंच सांगितलं होतं...

"चाक बसव," बाबा म्हणाले.

त्यानं चाक खाचेत घातलं. चेन चढवली, चाक मागे ओढलं, पान्यानं नट आवळले. चेन तारेसारखी ताणली. त्याला बरं वाटलं.

बाबांनी पायडल हातानं फिरवलं. अर्धा फेरा सुरेख गेला. मग करकर वाजलं आणि पायडल अडकलं.

"पायडलची चकती वाकडी आहे तुमची."

"सगळ्यांचीच असते, थोडी. कुठं सैल, कुठं घट्ट. तू सैल जागी माप घेतलंस."

"मग?"

"घट्ट जागा शोध. तिथं अर्धं बोट सैल राहू दे."

"गच्च का नको?"

"गच्च चेन स्वतःलाच खाते, बेटा."

अभिरामनं नट सोडले. पायडल हळूहळू फिरवत राहिला. कितीदा फिरवलं, त्याला कळलं नाही. एका जागी चेन बोटाखाली कडक झाली. तिथं थांबून त्यानं चाक केसभर पुढे सरकवलं, नट आवळले, बोटानं दाबून पाहिलं.

बाबांनी पायडलला टिचकी मारली. चेन आवाज न करता फिरली. हात लावून थांबवली, तेव्हा चाक आपलं आपण फिरत राहिलं, रातकिड्यासारखं टिकटिकत.

"फिरेल आता," बाबा म्हणाले. "डबे लाव. तू ही घे. तुझी मी आणतो, चालत."

धुक्यात वाट चार हातांपुरतीच उरली होती. प्रत्येक दगड चिमट्यातून मनगटात येत होता. हा गोल, हा धारेचा, हा ओला. याच वाटेनं अभिराम तीन वर्षं येत होता. दगडांची ओळख आजची. डब्यांतलं पाणी मागे डुचमळत होतं. झोपेत सायकल चालवावी, तसं त्याला वाटलं.

मग रांजणवळण आलं.

तो उभा राहिला. सगळं वजन पायांत टाकलं. चाक एक वीत सरकलं... आणखी एक वीत... अंगठा सवयीनं हँडलवर गिअरचा खटका शोधू लागला. तिथं नुसतं हँडल होतं.

तो उतरला.

कोणी पाहिलं नव्हतं. धुकं होतं. त्याच्याही नकळत तो सायकलीशेजारी चालू लागला, हात सीटवर ठेवून, म्हशीला घरी न्यावं तसा.

वळणाच्या माथ्यावर तो थांबला. बऱ्याच वेळानं धुक्यातून बाबा आले, बारा गिअरची सायकल ढकलत.

"उतरलो, बाबा."

"पाणी सांडलं?"

"नाही."

बाबांनी मान हलवली. दोघं उभे राहिले. खाली कुठंतरी गायीच्या गळ्यातली घंटा वाजली आणि थांबली.

"गेल्या वर्षीही उतरलो होतो," अभिराम म्हणाला. "त्याच्या आदल्या वर्षीही. लोकांना सांगितलं, चढलो."

बाबांनी त्याची सायकल दगडाला टेकवली.

"रविवारी सगळे आले की सांगतो त्यांना... इथंच उभा राहून."

बाबा खाली वाकले. एका बोटानं आपल्या सायकलीची चेन दाबली. ती हलकेच खाली गेली, हलकेच वर आली.

"फिरेल आता."