दरीवर थिजलेली बकुळा

फार फार पूर्वी डोंगराळ मुलखात एक राज्य होतं. तिथे कड्यांच्या राखणीला माणसं निवडायची, तर आधी त्यांना दरी ओलांडावी लागे. दरीवर प्रत्येक तुकडीसाठी दोन-दोन दोर ताणलेले असत. एकावर पाय ठेवायचा, दुसरा हाताने धरायचा. चौघाचौघांची तुकडी एकाच दोराने कंबरेला बांधलेली असे, म्हणजे माणसं एकमेकांना सांभाळायला शिकत.

एका वर्षी नवा सरदार आला. त्याला नुसती घाई. "पहिली पोचेल तीच तुकडी माझी!" पलीकडच्या काठावरून त्याने हुकूम सोडला.

चौघींच्या एका तुकडीत तुळसा सर्वांत पुढे होती. निम्म्या वाटेवर तिच्या कंबरेला हिसका बसला. मागची बकुळा थिजून उभी होती. डोळे गच्च मिटून तिने हातातला दोर कवटाळला होता.

"तोडा तिचा दोर!" सरदार ओरडला. "भित्र्यांसाठी थांबायचं नाही!"

तुळसाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आवाज मऊ ठेवून ती म्हणाली, "बकुळे, खाली नको, माझ्याकडे बघ. हां, आता डावा पाय."

चौघी पोचल्या, पण सगळ्यांच्या शेवटी.

"घरी चालत्या व्हा," सरदार म्हणाला.

"जिवंत माणूस दरीवर उभं असताना दोर तोडायला सांगता?" तुळसा कडाडली. "लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" तिने कंबरेचा दोर सोडून त्याच्या पायाशी फेकला.

पहिल्या आलेल्या तुकडीचा म्होरक्या पुढे झाला. "उद्या माझा पाय अडखळला, तर माझाही दोर तोडाल," म्हणत त्यानेही दोर टाकला. मग एकामागून एक सगळ्यांनीच टाकले.

"तुमच्यावाचून माझं काही अडत नाही!" सरदार तावातावाने एकटाच दरी ओलांडून परत निघाला. थोडा पुढे गेला आणि वारा सुटला. दोर झुलू लागले. त्याला पुढेही जाता येईना, मागेही फिरता येईना.

"अरे, कोणीतरी या!"

तुळसा जागची हलली नाही. बकुळाच कंबरेला दोर बांधू लागली. "तिथे कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. तेव्हा मात्र तुळसाने धुसफुसत दोराचं दुसरं टोक घट्ट धरलं. बाकीचेही धावले.

बकुळाने हाताला धरून सरदाराला काठावर आणलं.

"आधी हिची माफी मागा," तुळसा म्हणाली. सरदाराने सर्वांदेखत हात जोडले.

राजाच्या कानावर हे गेलं. त्याने सरदाराचं पद काढून घेतलं आणि शेवटचा माणूस काठाला लागेपर्यंत तुकडी पोचली असं मानायचं नाही, असा नियम केला.

तात्पर्य : घाबरलेल्या सोबत्याला मागे टाकून जे पुढे जातात, त्यांची एकजूट नसते, नुसती पळापळ असते.