लखलखीत खळगा

मुलांनो, नदीकाठच्या एका दाट जंगलात एक अस्वल राहत असे. अंगाने दांडगे, मनाने मऊ. पण त्याला एक खोड होती. कुणी काही समजावून सांगू लागले, की निम्मे ऐकून होते न होते तोच ते म्हणे, "कळलं, कळलं!" आणि कामाला लागे.

एका उन्हाळ्यात नदीची धार तुटली. मागे एक डोह उरला आणि तोही दिवसेंदिवस आटू लागला. काठच्या फांदीवर खंड्या पक्षी टपून बसे आणि उथळ पाण्यातली माशांची पिल्ले टिपून नेई. त्या डोहातल्या एका मासोळीची नऊच पिल्ले उरली होती. एके सकाळी अस्वल पाणी प्यायला आले, तशी ती काठाशी आली.

"अस्वलदादा, तुमच्या गुहेपाशी सावलीत एक खोल खळगा आहे म्हणे. मी इथं तळाशी कसाबसा तग धरीन. पण नदीला पाणी येईपर्यंत माझी पिल्लं तिथं सांभाळाल का?"

अस्वलाचा ऊर भरून आला. इतक्या विश्वासाने त्याच्याकडे आजवर कुणी काही मागितले नव्हते. "डोळ्यांत तेल घालून सांभाळीन!" ते म्हणाले.

जवळच खडकावर एक म्हातारे कासव ऊन खात पडले होते. ते म्हणाले, "बाळा, मासे सांभाळायचे म्हणजे आधी पाणी सांभाळायचं. खळगा डोहाच्याच पाण्यानं भर. तळाशी हे बुळबुळीत गोटे टाक. आठ-दहा दिवस जाऊ देत, मग दोन पिल्लं सोड, बाकीची हळूहळू..."

"कळलं, कळलं!"

"अरे, पुढचं ऐक. खाणं चिमूटभर द्यायचं. आणि पाणी बदलताना..."

पण अस्वल केव्हाच चढ चढू लागले होते. कडू भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी नेऊन त्याने खळगा भरला, चार गोटे टाकले आणि त्याच दुपारी नऊच्या नऊ पिल्ले आत सोडली.

पिल्ले उपाशी राहू नयेत म्हणून ते रोज मूठ-मूठ वाळवी पाण्यात टाकी. पिल्ले खाऊन खाऊन किती खाणार? उरलेली वाळवी तळाशी कुजू लागली. पाचव्या दिवशी पाणी गढूळ झाले. तेवढ्यात एक वानर आपल्या टोळीसह पिल्ले पाहायला आले आणि नाक दाबून ओरडले, "शी! काय हा वास! मासे पाळलेत की चिखल?"

सगळी टोळी खो-खो हसली. अस्वलाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. टोळी पांगताच त्याने पिल्ले तुंब्यात काढली, खळग्यातले होते नव्हते ते पाणी उपसले आणि गोटे उतारावर भिरकावून दिले. मग रिठे ठेचून त्यांच्या फेसाने खळगा असा घासला, की दगड चमकू लागला. वरवर एकदा विसळून त्यात झऱ्याचे गारढोण पाणी भरले आणि पिल्ले सोडली.

आता तळ आरशासारखा दिसत होता. अस्वलाने वानराला हाक मारून बोलावले. पिल्ले सुसाट वर येत होती, खाली जात होती, दगडाला अंग घासत होती.

"वा! काय नाचतायत!" वानर म्हणाले.

अस्वल खूश झाले. पण मुलांनो, ते नाचणे नव्हते, तो जीव वाचवण्याचा आकांत होता. उन्हे कलायच्या आत सात पिल्ले पोट वर करून तरंगू लागली.

 अस्वलाने इकडे तिकडे पाहिले, ती सात पिल्ले पंजात घेतली आणि करवंदीच्या जाळीमागे पाला सारून पुरून टाकली.

दुसऱ्या दिवशी वानर पुन्हा आले. "हे काय? दोनच? बाकीची कुठं गेली?"

 खळग्याशेजारच्या कपारीत एक खेकडा राहत होता. वानराची नजर त्याच्यावर गेली. "यानंच फस्त केली! दुसरं कोण?"

"मी त्यांना शिवलोसुद्धा नाही," खेकडा म्हणाला. "अस्वलदादा, तुम्ही इथंच होतात. सांगा ना यांना!"

एक शब्द पुरला असता. पण अस्वल मान खाली घालून नखाने माती उकरत राहिले. टोळीने दगड मारून खेकड्याला कपारीतून हुसकले. त्याची एक नांगी मोडली. तापलेल्या खडकावरून फरफटत तो निघून गेला, तरी अस्वलाने मान वर केली नाही.

संध्याकाळी ते डोहावर गेले, तर मासोळी वाटच पाहत होती. "मजेत आहेत ना हो माझी पिल्लं?"

"मजेत... हो, मजेत आहेत," अस्वल पुटपुटले आणि पाणी न पिताच माघारी फिरले.

त्यानंतर ते डोह टाळून लांबच्या झऱ्यावर जाऊ लागले. तोंडात धरलेले मधाचे पोळेही त्याला मातीसारखे लागे. इकडे उरलेली दोन पिल्ले पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती. त्यांना कसे वाचवायचे, हे अस्वलाला ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते कासवाला. पण कासवाला विचारायचे म्हणजे सगळे सांगायचे, आणि तेही मासोळीच्या देखत. अस्वल दोनदा वाटेला लागले आणि दोनदा परतले. तिसऱ्या वेळी त्यातले एक पिल्लू कुशीवर कलंडताना त्याला दिसले. मग मात्र ते पळत सुटले.

"कासवआजोबा, मासोळीताई," डोहाकाठी पोहोचताच ते धापा टाकत म्हणाले, "सात पिल्लं मेली. माझ्या हातून मेली. मी रिठ्यानं खळगा घासला. मासोळीताई, तुमच्याशी खोटं बोललो. खेकड्यानं काही केलं नव्हतं, तरी त्याला मार खाऊ दिला."

 कासवाने डोळे मिटले.

"रिठ्याचा फेस माशांच्या कल्ल्यांना जाळतो रे. आणि तू जे गोटे घाण म्हणून फेकलेस, त्यांच्या बुळबुळीत थरातच माशांची घाण पचवणारे बारीक जीव राहतात. खळगा चकचकीत झाला, पण त्यातलं पाणी जगण्यासारखं उरलं नाही."

अस्वल हुंदके देऊ लागले. तशी मासोळी पाण्याबाहेर तोंड काढून म्हणाली, "रडायचं ते मागाहून रडा. माझी दोन अजून जिवंत आहेत. कासवआजोबा काय सांगतात ते ऐका, आणि या वेळी पुरतं ऐका."

अस्वलाने शेवटच्या शब्दापर्यंत ऐकले. गुहेमागे रिठा न लागलेला एक लहान खळगा होता. तो त्याने डोहाच्या पाण्याने भरला, डोहातले गोटे न धुता तसेच तळाशी ठेवले. पिल्ले तुंब्यात घेऊन त्यात नवे पाणी थोडे थोडे मिसळले आणि मगच त्यांना सोडले. रोज चिमूटभर खाणे, उरलेले लगेच काढून टाकणे. दर तीन-चार दिवसांनी पाव हिस्सा पाणी उपसायचे आणि सावलीत ठेवून खळग्याइतके कोमट झालेले डोहाचे पाणी भरायचे. ते पाणी आरशासारखे दिसत नव्हते, किंचित हिरवट होते. पण पिल्ले त्यात शांत पोहू लागली.

पिल्ले नव्या खळग्यात सोडली त्याच दिवशी अस्वल वानरांच्या टोळीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पिल्लं मी मारली. खेकडा निर्दोष होता." वानरे एकमेकांची तोंडे पाहू लागली. मग अस्वलाने तीन दिवस ओढे धुंडाळून खेकड्याला गाठले आणि त्याची क्षमा मागितली.

खेकडा म्हणाला, "नांगी पुन्हा फुटेल, अस्वलदादा. पण तुम्ही तिथं उभे होतात, हे मी कसं विसरू?"



यथाकाल नदी वाहू लागली. अस्वलाने तुंब्यातून पिल्ले आणली, तुंबा पाण्यात थोडा वेळ धरून ठेवला आणि मग हळूच कलता केला. एक पिल्लू बाहेर आले. मग दुसरे आले. दोन्ही सुळकन आईला जाऊन बिलगली. मासोळीने त्यांना कुशीत घेतले, पण तिची नजर अजून तुंब्याच्या तोंडावरच होती.

अस्वल रिकामा तुंबा हातात धरून उभे राहिले. मासोळी वळून प्रवाहात दिसेनाशी होईपर्यंत ते तिथून हलले नाही.

तात्पर्य : ज्याचा जीव आपल्या हाती सोपवला आहे, त्याला काय मानवते ते आधी नीट जाणून घ्यावे, आणि चूक झालीच तर ती तत्काळ कबूल करावी, कारण आपण लाज झाकत बसतो तेव्हा तिची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते.