वेळप्रसंगी

कार्तिक वद्य तृतीया. आकाश निरभ्र, वारा पूर्वेचा आणि मंद, पहाटे थोडे दव.

त्या राज्यात दोन तळी होती आणि मधे चाळीस कोसांचा खारट माळ. माळावर कोसाकोसाला एक दगड होता, झाड मात्र एकही नव्हते. तिथल्या जीवांचे पाय दाण्यावर चालत आणि पंख विश्रांतीवर. रात्रभर फांदीवर बसले की सकाळी पंखांत बळ भरलेले असे.

पूर्वी पलीकडचे टपाल कोंबडे नेत. वाटभर दाणे खात, धूळ उडवत ते आठ दिवसांनी पोचत. पारव्यांना दहा कोसांतच धाप लागे, म्हणून त्यांना दूरचे काम कुणी देत नसे. अशा काळात लांडोरीला मोल आले. गावातली कामे ती पंखांवरच उरकी. दाण्याला चोच लावावी लागत नसे. दूर जायचे तर अकरा कोस उडायची, अकराव्या दगडापाशी उतरायची आणि गळ्यातल्या थैलीतले दाणे खात पुढे सहा दिवस चालायची. थैली जड नाही का होत, असे कुणी विचारले तर म्हणे, वेळप्रसंगी असावी. हे तिने इतक्यांदा म्हटले, की टपालावर तिला वेळप्रसंगी म्हणूनच हाक मारू लागले. तिचे खरे नाव ठाऊक असलेले कोंबडे एकेक करून खुराड्यात जाऊन बसले होते.

पारव्यांची प्रत्येक वीण मात्र आधीच्या विणीपेक्षा रुंद छातीची निघाली. पंधरा कोस झाले, पंचवीस झाले. यंदाची पोरे चाळीस म्हणू लागली.

टपालाचा मुख्य बगळा होता. त्याने लांडोरीला बोलावून, आता तुम्ही गावातलेच बघा, असे शक्य तितक्या हळू आवाजात सांगितले.

"आणि वारा उलटा फिरला तर, बगळेराव?" ती म्हणाली. "मधे बसायला फांदी नाही."

बगळ्याने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. मग त्याने ठरवले, की तृतीयेला एकच मजकूर दोघांना द्यायचा. पारवा अडला तर दूरची वाट लांडोरीकडे राहील. पोचला तर राहणार नाही.

निघताना तरुण पारवा म्हणाला, "मावशी, माळावर भेटलोच तर दोन दाणे द्या हं. वेळप्रसंगी."

सगळे हसले. लांडोरीने खरोखरच दोन दाणे थैलीच्या कोपऱ्यात वेगळे केले.

ती आधी निघाली. थैली निम्मीच होती. उरलेली भरायला अकराव्या दगडापाशी उंदीरमामांचे कोठार होते. दगड आला तशी ती सवयीने उतरली. उंदीरमामा बिऱ्हाड बांधत होते. कोठारात धुळीशिवाय काही नव्हते.

कोंबडे थांबले तेव्हाच इकडे दाणे येणे बंद झाले, असे त्यांनी सांगितले. इतके दिवस उरलेल्या साठ्यावर तिचेच भागवत होते. "तुझ्या एकटीच्या पायांसाठी कोठार कसं चालवू, पोरी? रात्र माझ्या छपरावर काढ आणि सकाळी माघारी उड."

"पारवा गेला का, मामा?"

"अजून नाही दिसला."

तिने पुढच्या वाटेकडे पाहिले. अकराव्या दगडाच्या पुढे पंख नेतात का, हे तिने कधी पाहिलेच नव्हते. पंखांचे अकरा कोस तिने तरुणपणी एकदाच मोजले होते, तेही भरल्या थैलीनिशी. मामांना नमस्कार करून ती उडाली.

बारावा दगड खालून गेला. तेरावा गेला. अकराव्या दगडापुढचा माळ तिने वरून प्रथमच पाहिला. पायवाट रेघेसारखी दिसत होती आणि तिच्यावर कुणीही नव्हते. चौदाव्या दगडापाशी पंख खाली आले ते पुन्हा उचलेनात. ती मिठावर बसली.

तेवढ्यात एक सावली तिच्या अंगावरून सरकली. तिने मान वर केली. पारवा एका लयीत चालला होता, ना घाई ना धाप. पाय त्याने पोटाच्या पिसांत असे ओढून घेतले होते, की खालून बघणाऱ्याला ते दिसतच नव्हते.

तो ठिपका होईपर्यंत ती बघत राहिली. मग तिने पंख मिटले आणि निम्म्या थैलीतले दाणे पुरवून खात ती चालू लागली.

पारवा तृतीयेलाच, ऊन उतरण्याआधी पलीकडच्या तळ्यावर पोचला. लांडोर नवमीला दुपारी पोचली. तिथल्या टपालवाल्याने तिच्याकडचा मजकूर उघडून पाहिला, पहिल्याशी ताडला आणि त्याच्या खाली ठेवला.