घसाऱ्यावरचं मूळ

शहर अजून डोंगराच्या पायथ्याला भिडलं नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या खड्या घसाऱ्यावर अंजनाच्या झाडाचं एक जाड मूळ उघडं पडलं होतं. शहरातून येणारा प्रत्येक जण ते धरूनच वर चढायचा. उतरताना मात्र टेकायला काठी हवी म्हणून त्याच झाडाची फांदी मोडायचा आणि पायथ्याशी फेकून घरी जायचा.

मूळ संतापायचं. "अरे, मघाशी माझ्या जिवावर चढलास ना? मग माझ्याच झाडावर हात टाकतोस?"

"एवढ्याशा फांदीनं काय झाड मरतंय?" नेहमी येणारा शामकांत हसून म्हणायचा. बाकीचेही तेच म्हणायचे.

पायथ्याशी काठ्यांचा ढीग वाढत गेला आणि वर झाड बोडकं होऊन वाळलं.

एके दिवशी शामकांतनं मूळ धरलं आणि ते कडकन तुटलं. तो गडगडत खाली जाऊन करवंदीच्या जाळीत अडकला.

"कसलं कुचकामी मूळ! ऐन वेळी दगा दिलास!" तो ओरडला.

"दगा? मी दिला?" तुटकं मूळ कडाडलं. "पायथ्याशी जा. त्या ढिगातल्या तुझ्या काठ्या आधी वेगळ्या काढ आणि मग मला नावं ठेव!"