आधी गोळी, मग आग

एका गावात भागूजी नावाचा एक भोळा माणूस होता. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीची मोटर चालवायचा. "बसा" म्हटलं, की कुणी "उठा" म्हणेपर्यंत उठत नसे.

त्याची बायपास झाली. बायको शेवंता नवस बोलबोलून अर्धी झाली, तेव्हा कुठे तो घरी आला. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली आणि बजावलं, "रोज संध्याकाळी सातला घ्यायची. मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

भागूजीनं ते मनावर घेतलं. कामावर गेला, मोटर चालू केली आणि बंद करायला विचारावं म्हणून डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. भागूजी फोन धरून बसला. टाकी भरली, वाहिली, आणि सरपंचांच्या ओसरीवरच्या चपला तरंगत वेशीकडे निघाल्या.

दुपारी डॉक्टरांनी फोन उचलला, सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, भरलं की बंद करायचं. त्यात मला काय विचारता?"

"बरं," भागूजी म्हणाला.

सणाला शेवंतानं पुरणपोळी केली. भागूजी गळ्यापर्यंत जेवला. पोट भरलं, म्हणून त्यानं गोळी बंद केली.

पुढच्या तपासणीत रक्त घट्ट झालेलं निघालं. शेवंता दवाखान्यातच रडायला लागली. डॉक्टर भयंकर चिडले. "गुठळी झाली तर जीव जाईल. आता घराला आग लागली तरी आधी सातची गोळी, मग बाकीचं. कळलं?"

"कळलं."

काही दिवसांनी डॉक्टर तपासणी शिबिरासाठी गावात आले. नवी कोरी गाडी त्यांनी भागूजीच्या कडब्याच्या गंजीच्या सावलीत लावली. दिवस कलला तशी कुणाच्या तरी विडीनं गंजी पेटली. डॉक्टर धावत आले. भागूजी भरलेली बादली घेऊन शांत उभा होता.

"ओता की पाणी!"

"आधी गोळी, साहेब."

"मग घ्या गोळी!"

"अजून सात वाजले नाहीत."

लोक येईपर्यंत गाडीचा सांगाडा उरला. सात वाजले. भागूजीनं गोळी घेतली, वर बादलीतलं पाणी प्यायला आणि उरलेलं राखेवर ओतलं. बाजूच्या दगडावर डॉक्टर छाती धरून बसले होते. भागूजीला त्यांची फार दया आली. त्यानं एक गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"घ्या, साहेब. पण मला विचारल्याशिवाय बंद करू नका."